साडेतीन फेरे

मंगळवार, ३ फेब्रुवारी
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ती. काकांना नमस्कार.

हे लिहिताना मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली दहा लिटरची बादली लावून आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवून बसलो आहे. बादली अजून भरते आहे. काल फोनवर तुम्ही तीनदा "काय?" विचारलंत आणि शेवटी "बरं बरं, जेवलास का?" म्हणून फोन ठेवलात. तुमच्या त्या हॉस्पिटलच्या बांधकामावर पाइपला आटे पाडायचं मशीन चालू असताना फोन करण्यात अर्थ नाही, आणि ते नेहमीच चालू असतं. म्हणून लिहितो.

बादली भरली. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

घरात पाण्याला जोरच राहिलेला नाही. सोमवार, २६ जानेवारीपासून असं आहे. शॉवर तर रडतो. काकू भांडी घासायला बसली की एका पातेल्याला विसळायला एवढा वेळ लागतो की तोवर तिचं सगळ्या नातेवाइकांविषयी बोलून होतं. त्याआधी रविवारी पाणी नेहमीसारखं होतं. रविवारी विशेष काही घडलं नाही.

काकूने कारण शोधून ठेवलं आहे. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर. ती म्हणते, त्यांनी चोरून मोटार लावली आहे आणि सगळं पाणी वर ओढून घेतात. कारण काय, तर वरून सारखी घरघर ऐकू येते. घरघर येते हे खरं आहे, मीही ऐकली. पहाटे पाचलाही येते.

आता मुख्य गोष्ट. काकू त्यांना २८ तारखेला जागा सोडायला लावणार आहे. तोंडी सांगून झालं, पण तिला कागद हवा आहे. "तुझं अक्षर चांगलं, काना-मात्रा चुकत नाहीस, तूच लिही," असं ती तीन दिवस म्हणते आहे. मी बाइंडिंगच्या दुकानात ओव्हरटाइम आहे असं सांगून टाळलं. ओव्हरटाइम नाही. सिस्टरांचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना उचलून दुसरीकडे नेणं सोपं नाही. त्यांचा दोष असेल तर मी नोटीस लिहीन. पण नसेल तर? काय काय तपासायचं ते क्रमाने कळवा. मी त्याच क्रमाने तपासीन.

आपला पुतण्या

*

७ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

पत्र पोचलं. बादली भरता भरता पत्र लिहिणारा माणूस मी पस्तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा पाहिला. बाइंडिंगवाल्याने तुला पगार वाढवला नसेल तर तो आंधळा आहे.

आता ऐक. पाणी कमी येण्याची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. एकच नळ ढिला आहे की सगळे? एकच असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढ, त्यात वाळू आणि क्षार बसतात. उलटी धरून फुंक मार, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. सगळे नळ ढिले असतील तर शेजारी जाऊन बघ. त्याच्याकडेही रडगाणं असेल तर दोष रस्त्याच्या लाइनचा, आपण गप्प बसायचं. शेजारी ठणठणीत असेल तर दोष आपल्या हद्दीत. मग गळती. घरातले सगळे नळ बंद कर आणि अर्धा तास मीटरच्या काट्याकडे बघ. काटा हलला तर कुठंतरी पाणी मुरतंय. मग जिन्याखालचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना ते. त्यानंतर पाइप. आपला पाइप लोखंडी, आतून गंजत जातो, पण गंज दमादमाने येतो. शनिवारी निरोगी आणि सोमवारी अंथरुणात, असं गंजाने होत नाही. तू एका दिवसात गेलं म्हणतोस, तेच मला खटकतंय.

हे सगळं बघायचं. बघायचं म्हणालो. पान्याला हात लावायचा नाही. मागच्या खेपेला तू नळ आवळत आवळत त्याची मान मोडलीस आणि काकूच्या पिठाच्या डब्यांनी पोहायला सुरुवात केली, ते मी विसरलेलो नाही.

सिस्टरबद्दल घाई करू नकोस. मोटारीचं नाव घेण्याआधी मोटार डोळ्यांनी दिसली पाहिजे. काकूला सांग. नाही, तू नको सांगू. तुझं ती ऐकत नाही. माझंही नाही, पण मी लांब आहे.

काका

*

बुधवार, ११ फेब्रुवारी
रात्री आठ

ती. काकांना नमस्कार.

तुम्ही सांगितलं त्या क्रमाने सगळं केलं.

सगळे नळ ढिले आहेत. तरीही पाचही नळांच्या जाळ्या काढून धुतल्या. (त्या हाताने निघतात, पाना लागला नाही.) न्हाणीघरातल्या जाळीत चिमूटभर वाळू होती. फरक पडला नाही.

शेजारी इस्त्रीवाल्याकडे बादली घेऊन गेलो. त्याची बादली बावन्न सेकंदांत भरली. तो म्हणाला, "अरे, पाणी मागायला आलास की परीक्षा घ्यायला?" आणि बादलीतलं पाणी त्याने ठेवूनच घेतलं.

मीटरचा काटा साडेतीन ते चारपर्यंत पाहिला. जागचा हलला नाही. म्हणजे गळती नाही.

मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. त्याची खात्री आहे.

राहिला पाइप, आणि गंज एका दिवसात येत नाही असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे यादी संपली. काकू मागे उभी राहून माझी यादी वाचत होती. म्हणाली, "सगळं तपासून झालं ना? आता वर बघ."

मी म्हणालो, "काकू, वर जाऊन विचारू या का?"

"चोराला विचारतात का, बाबा चोरी केलीस का म्हणून? तू आपला कागद लिही."

ती सिस्टरांना आता उघड पाण्यात पाहते. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघून बोलते. मी नोटीस दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा शाई सांडली म्हणून फाडली. शाई सांडली नव्हती. तिसऱ्यांदा असं करता येणार नाही. उद्या लिहून द्यावी लागेल, निदान कच्ची तरी. मला नीट झोप येत नाही. तुम्हाला यातून काही सुचतं का ते लवकर कळवा.

आपला पुतण्या

*

१५ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

काम चोख केलंस. इथं माझ्या हाताखाली चार फिटर आहेत, त्यांतल्या एकालाही असा अहवाल लिहिता येणार नाही.

पण एक बादली राहिली. वरची. तू खाली मोजलंस, शेजारी मोजलंस आणि जिच्यावर आळ आहे तिच्या नळाखाली बादली लावलीच नाहीस. डोकं चालव. तिने मोटार लावली असेल तर वर पाणी धो धो पडत असेल. वरची बादली खालच्यापेक्षा हळू भरली तर मोटार नाही, विषय संपला. काकूच्या परवानगीसाठी थांबू नकोस. ती बाजाराला गेली की वर जा. चोर सोडून संन्याशाला फाशी नको. त्यात संन्याशाचा बाप आजारी.

आणखी एक बघून ये. नळ उघडल्या क्षणी धार कशी येते? पहिल्यापासूनच मेलेली असते, की पहिला झोत जोरात येतो आणि मग मरतो? हे मोजायचं नाही, नुसतं बघायचं. तुला जड जाईल, पण बघ.

काका

*

गुरुवार, १९ फेब्रुवारी
संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. पण त्याआधीच, सोमवारी १६ तारखेला, काकूने नोटीस सिस्टरांच्या हातात दिली. मी कच्ची म्हणून लिहिलेली तीच प्रत. तिने खाली सही केली आणि स्वतः वर जाऊन देऊन आली.

आज काकू बाजाराला गेल्यावर बादली घेऊन वर गेलो. सिस्टर रात्रपाळी करून आल्या होत्या, केसही सोडलेले नव्हते. मी दारात बादली घेऊन उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "पाणी हवंय? इथं? थट्टा करताय का?"

मी खरं काय ते सांगितलं. काकूला मोटारीचा संशय आहे आणि मला बादली मोजायची आहे.

"मोटार," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे मिक्सरसुद्धा नाही. या, शोधा."

घरघर कसली ते कळलं. त्यांच्या वडिलांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली आहे. तिला जेवणाच्या डब्याएवढं यंत्र जोडलेलं असतं, ते एका बाजूची हवा काढतं आणि दुसऱ्या बाजूला भरतं. दिवसरात्र चालू. ते पलंगाच्या लोखंडी पायाला टेकवलं आहे, म्हणून खाली आवाज येतो. ही गादी त्यांनी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आणली.

वरची बादली चार मिनिटं पस्तीस सेकंदांत भरली. म्हणजे खालच्यापेक्षा हळू. त्या तीन आठवडे वडिलांचं अंग ओल्या फडक्याने पुसताहेत, कारण पाणी भरेपर्यंत ऊन केलेलं गार होतं. आमच्याकडे तक्रार का केली नाही असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जिन्यात तुमच्या काकू भिंतीशी बोलत होत्या. मी भिंतीकडे तक्रार करणार होते का?"

त्यांनी दुसरी खोली बघून ठेवली आहे. बाराशे आगाऊ देऊन झाले. तळमजला आहे, पण दार एवढं अरुंद की पलंग आत जाणार नाही. वडिलांना जमिनीवर झोपवावं लागेल. मी निघताना त्या म्हणाल्या, "नोटीस तुम्ही लिहिलीत ना? अक्षर छान आहे."

काका, मी जिन्यात बसून राहिलो.

धारेचं तुम्ही विचारलं होतं ते पाहिलं. पहिला झोत चांगला जोरात येतो. तीन मोजेपर्यंत ढिला पडतो. वर आणि खाली, दोन्हीकडे तसंच.

आता जे लिहायचं ते. पहिल्या पत्रात रविवारी विशेष काही घडलं नाही असं मी लिहिलं. ते खोटं होतं. रविवार, २५ जानेवारीला स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता, म्हणून मी वायसर आणला आणि स्वतः बदलला. पाना इस्त्रीवाल्याचा. मागच्या खेपेपासूनच तुम्ही पान्याला हात लावू नको म्हणाला होतात. तुम्ही परत आल्यावर कोरडा नळ दाखवायचा असं मनात होतं. त्यासाठी जिन्याखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि काम झाल्यावर पुन्हा उघडला. अगदी नेमका. भिंतीवर तुम्ही रंगाने लिहून ठेवलं आहे, "उघडताना साडेतीन फेरे. जास्त नाही. आटे जातील." मी चाकावर खडूची खूण केली आणि साडेतीन फेरे मोजले. एक इंचही जास्त फिरवला नाही. म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे याची मला खात्री होती आणि आहे. वायसर नीट बसला, नळ गळत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पाणी गेलं, म्हणजे मी काहीतरी केलं असणार. काय केलं ते मला कळत नाही. पाइपमध्ये काही पडलं असेल का?

काकूला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मला ओरडेल, ते चालेल. पण काय सांगू? मोटार नाही एवढंच माझ्याकडे आहे, कारण नाही. आणि कारण मिळाल्याशिवाय ती नोटीस मागे घेणार नाही, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. नऊ दिवस उरले.

आपला पुतण्या

*

२२ फेब्रुवारी, साइटवरून

मुकादम आजच गाडीने तिकडे येतोय, त्याच्या हातून देतो. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

बाळा, आधी हे पत्र खाली ठेव, जिन्याखाली जा आणि व्हॉल्व्ह उघड. साडेतीनवर थांबू नकोस. फिरवत राहा. चाक स्वतःहून थांबेल. अकराच्या आसपास. थांबलं की पाव फेरा मागे घे, म्हणजे पुढे अडकणार नाही. जा. पत्र नंतर वाच.

आलास? आता ऐक. ती ओळ मी नऊ वर्षांपूर्वी लिहिली. जुन्या व्हॉल्व्हचे आटे झिजले होते, साडेतीन फेऱ्यांत पूर्ण उघडायचा, त्यापुढे नेला तर दांडा हातात यायचा. डिसेंबरात इकडे निघायच्या आठवड्यात मी तो काढून टाकला आणि नवा बसवला. नव्याला अकरा फेरे. भिंतीवरची ओळ तशीच राहिली. पुसायची होती, पण काकूची हाक आली, चहा गार होतोय म्हणून, आणि मी गेलो.

म्हणजे तू चार आठवडे व्हॉल्व्ह एक तृतीयांश उघडा ठेवून सगळ्या घराला त्यातून पाणी प्यायला लावलंस, आणि तेही माझ्या सहीनिशी. दुसरा कोणी असता तर त्याने भिंत न वाचता चाक फिरेल तेवढं फिरवलं असतं आणि हा प्रश्नच आला नसता. लिहिलेलं अक्षरशः पाळणारा माणूस या घरात एकच, आणि चुकीचं लिहून ठेवणाराही एकच. दोघांची गाठ पडायची होती.

पहिला झोत जोरात आणि मग मेला, हे वाचल्यावरच मला कळलं. नळ बंद असताना दाब बारीक फटीतूनही भरून राहतो. नळ उघडला की साठलेला जोर संपतो आणि मागून फटीपुरतंच पाणी येतं. ही खूण गंजाची नाही, कोणीतरी वाट अडवली आहे याची. आणि तू "खात्री आहे" लिहिलंस तेव्हाच मी विचारायला हवं होतं, कशावरून? चाकाचा व्हॉल्व्ह नुसता बघून उघडा आहे की मिटलेला हे मलाही सांगता येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वायसर बदललास त्याबद्दल रागावलो नाही. कोरडा नळ बघायला येईन.

काकूला हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखव. माझा गाढवपणा आधी, तुझा नंतर, असा क्रम ठेव. तुला क्रम आवडतो.

काका

*

२६ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र त्याने मला उभं राहून वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं. आधी पाणी आलं, मग पत्र. पाणी असं आलं की मी न्हाणीघरात नळ उघडाच ठेवून उभी होते ते साबणाची पेटी उडून माझ्या अंगावर. नखशिखांत भिजले. दहा लिटरची बादली एकोणपन्नास सेकंदांत भरली म्हणून तो नाचत होता आणि मी पदर पिळत उभी.

तुम्ही लिहिलंत की मी चहाला हाक मारली म्हणून ओळ पुसायची राहिली. नऊ वर्षं मी रोज हाक मारते. तेव्हा लगेच येत नाही ते कसं?

तरी चूक माझीही आहे. तेवढं मला कळतं. मी वर गेले. तिने दार उघडलं, बस म्हणाली नाही, मीही बसले नाही. नोटीस परत दे म्हणाले. ती म्हणाली, "काकू, तीन आठवडे तुम्ही मला चोर समजलात आणि विचारलंसुद्धा नाहीत." मी म्हणाले, "समजले. आता नाही समजत." तिच्या वडिलांनी पलंगावरून हाक मारली, कोण आहे म्हणून. ती म्हणाली, "घरमालकीण आहेत, बाबा, पाणी आल्याचं सांगायला आल्यात." मला खाली बघवेना आणि वरही बघवेना.

राहायचं की नाही ते विचार करून सांगते म्हणाली. आगाऊ दिलेले बाराशे ती खोलीवाली परत देत नाही. म्हणजे राहिली तर तिचे बाराशे पाण्यात. मी तिला गळ घातली नाही. गळ घालायला तोंड तरी कुठं आहे. पण दोन दिवस माझं ताट तसंच झाकून ठेवते, हे तुम्हाला म्हणून लिहिते.

पोरगा रोज संध्याकाळी जिन्यात उभा राहून वरच्या पावलांचा आवाज ऐकतो, सामान बांधतायत का म्हणून. त्याला दोन ओळी लिहा.

काकू

*

रविवार, १ मार्च
सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे

ती. काकांना नमस्कार.

सिस्टर राहिल्या.

काल २८ तारीख होती. सकाळपासून वर काही सरकवल्याचे आवाज येत होते. मला वाटलं पलंग सुटा करताहेत. काकू भाजी पुढ्यात घेऊन, न निवडताच बसली होती. दुपारी सिस्टर खाली आल्या आणि म्हणाल्या, "दादा, जरा वर येता? पलंग न्हाणीघराच्या दाराजवळ घ्यायचाय, मला एकटीला हलत नाही. बाबांना आंघोळ घालायचीय."

मी विचारलं, "म्हणजे जात नाही?"

"पाणी आलेलं घर सोडून कोण जातं? पण एक सांगते. यापुढे काही वाटलं तर जिना चढून विचारायचं. बादली घेऊन आलात तरी चालेल."

म्हातारबाबांना उचलून खुर्चीवर बसवलं. मी खांद्यांना धरलं, सिस्टरांनी लांब नळी लावून पाणी सोडलं. ऊन पाणी, चांगल्या जोराने. पाच आठवड्यांनी डोक्यावरून आंघोळ. म्हातारबाबा डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "अजून थोडं." सिस्टरांनी घातलं. पुन्हा म्हणाले, "अजून थोडं." त्या हसायला लागल्या. मी चड्डी-बनियनपर्यंत भिजलो. किती वेळ चाललं ते मोजलं नाही. घड्याळ खालीच राहिलं होतं.

काकू दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होती. आत आली नाही, पण टॉवेल तिने गरम इस्त्रीखालून काढून आणला होता. आंघोळ झाल्यावर मात्र तिने आत येऊन गादीचं यंत्र पलंगाच्या पायापासून दूर केलं आणि त्याखाली जुनी सतरंजी चौघडी करून घातली. आता घरघर खाली येत नाही.

भिंतीवरची ओळ मी चुन्याने बुजवली. आता चाकालाच कापडी बांधणीचा पुठ्ठा दोरीने अडकवला आहे. त्यावर नव्या व्हॉल्व्हचे फेरे आणि तो बसवल्याचा महिना लिहिला आहे. डिसेंबरातली नेमकी तारीख तुम्ही कळवा, तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

बाराशेचं काकूने ठरवलं. चूक तिघांची, म्हणून तीन वाटे. सिस्टर हातात घेईनात, म्हणून मार्च आणि एप्रिलच्या भाड्यातून सहाशे-सहाशे वळते करायचे. हिशेब खाली देतो. तपासून घ्या.

आपला पुतण्या

झालेला खर्च:
वायसर, दोन (एक शिल्लक): १६
व्हिनेगर: ३०
चुना आणि ब्रश: ४५
पुठ्ठा, दोरी: दुकानातली कात्रणं, काही नाही
पोस्टाची तिकिटं: २०
एकूण १११. हे मी दिले, मागत नाही.

सिस्टरांना भाड्यातून देणे, १२०० पैकी:
काकू: ४००, मार्चमध्ये वळते.
मी: ४००. त्यातले २०० मार्चमध्ये काकूकडे दिले, २०० एप्रिलच्या पगारातून देणे.
काका: ४००, येणे बाकी.